मढवलेली पात्रे : फ्रेंच नवअभिजात शोभापात्रांचे पुनर्वाचन

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील फ्रेंच शोभापात्रांची चर्चा बहुधा शैलीपाशी सुरू होते आणि शैलीपाशीच संपते. हर्क्युलेनियम (१७३८) व पॉम्पेई (१७४८) येथे उत्खनने सुरू झाली, रोकोकोचे वळणदार अलंकरण मागे पडले आणि पुष्पमाला, मेषमुखे, अकँथसची पाने पात्रांवर अवतरली, हा क्रम सर्वपरिचित आहे. तो खरा असला तरी अपुरा आहे.

या पात्रांसाठी मराठीत एक नेमके क्रियापद आहे : मढवणे. रुद्राक्ष सोन्यात मढवला तरी श्रद्धेचे मोल रुद्राक्षालाच असते. फ्रेंच पात्रांत हे नाते पालटले. चिनी पोर्सेलिन, सेव्ह्रचे पोर्सेलिन किंवा पॉर्फिरीसारखा कठीण पाषाण यांना सोन्याचा मुलामा दिलेल्या ब्राँझच्या बैठकी, काठ व मुठी बसविल्या जात. त्यासाठी चिनी भांडे कापण्यास वा त्याला भोक पाडण्यासही कारागीर कचरत नसत. भांड्याचे मूळ प्रयोजन लोपले. उरले केवळ दर्शन. त्यामुळे 'संयमाकडे परतणे' ही नवअभिजातवादाची ख्याती येथे जपूनच स्वीकारावी लागते. घाट रोमचा, भांडे चीनचे, ऐट व्हर्सायची, असा हा संकर आहे. आणि त्याची गोडीही त्या संकरातच आहे.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून महत्त्वाचा ठरतो. ही पात्रे जुळवून विकणारे पॅरिसचे व्यापारी स्वतः काहीच घडवीत नसत. लाझार द्यूव्हो याची १७४८ ते १७५८ या काळातील विक्रीवही त्यांच्या व्यवहाराची साक्ष देते. ओतारी, कोरक, मुलामा देणारा हे बहुधा अनामच राहिले. पिएर गुतिएर (१७३२-१८१३) हा ठळक अपवाद. १७८२ मध्ये ड्यूक दोमाँच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा सूचीत त्याच्या कामांवर 'जी' हे अक्षर छापले गेले. सोळाव्या लुईने त्यातील अनेक वस्तू घेतल्या. तरीही गुतिएर कर्जात बुडाला आणि दारिद्र्यात मरण पावला. मादाम द्यु बारीकडील त्याचे येणे थकले होते.

मुलाम्याची कृतीही विसरता येत नाही. सोने पाऱ्यात कालवून तो लेप ब्राँझवर चढवीत व तापवीत. पारा वाफेने उडून जाई, सोने चिकटून राही. ती वाफ कारागिराच्या श्वासात जाई. गुतिएरच्या कामातील निस्तेज आणि घोटलेल्या सोन्याचा जो सूक्ष्म भेद समीक्षक वाखाणतात, तो याच भट्टीजवळ साधला गेला. समीक्षेच्या परिभाषेत या भट्टीला क्वचितच जागा मिळते.

विदर्भातील अभ्यासकाला तुलनेसाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात (१९५१) सेव्ह्रचे पोर्सेलिन आणि बिदरीकाम ही दोन्ही एकाच छताखाली पाहता येतात. बिदरीत जस्तप्रधान मिश्रधातूच्या काळ्या अंगात चांदी खोदून बसविलेली असते, आणि दोहोंचा पृष्ठभाग घोटून एकसंध केलेला असतो. फ्रेंच पात्रात मात्र पोर्सेलिन कोठे संपते आणि ब्राँझ कोठे सुरू होते, ती सांधरेषा दाखवण्यासाठीच ठेवलेली असते.