‘एक नंबर’च्या पुढे काय?

ऑगस्टमधल्या एका शनिवार-रविवारी मी सातारा आणि सांगली करून आलो. अजिंक्यतारा चढलो नाही, कासला गेलो नाही. फक्त रस्त्यावर मिळणारं खायचं, एवढंच ठरवलं होतं. निघायच्या आधी आठवडाभर रोज रात्री याच दोन शहरांतल्या खाण्याच्या रील्स बघत होतो. कुठे उतरायचं, कुठली गाडी, किती वाजता, हे सगळं त्यांच्यामुळेच कळलं. म्हणजे मी त्यांचा उपकृत आहे, हे आधीच कबूल करतो. पण परत आल्यावर त्याच रील्स पुन्हा बघितल्या आणि काहीतरी खटकायला लागलं. हा लेख त्या खटकण्याबद्दल आहे.

नाटक, सिनेमा, कविता यांची समीक्षा होते. खाण्याच्या रीलची कुणी करत नाही, कारण तीच समीक्षा आहे असं आपण धरून चालतो. कुणीतरी खातो, आपल्याला सांगतो कसं लागलं, आपण विश्वास ठेवतो. मग विचारायला हवं की ही समीक्षा म्हणून कशी आहे?

सुरुवात शब्दांपासून. मी बघितलेल्या जवळजवळ प्रत्येक रीलमध्ये पहिला घास घेतल्यावर डोळे मिटले जातात आणि तीनपैकी एक उद्गार येतो: ‘एक नंबर’, ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’. मिसळीला तेच, पेढ्याला तेच, भेळेला तेच. त्यानंतर ‘तोंडात टाकल्या टाकल्या विरघळतंय’. साताऱ्याच्या कंदी पेढ्यालाही हेच म्हटलेलं मी ऐकलं आणि मोती चौकात उभं राहून पेढा खाल्ल्यावर हसूच आलं. कंदी पेढा विरघळत नाही. तो विरघळला तर काहीतरी चुकलं. खवा तपकिरी होईपर्यंत भाजलेला असतो, त्यामुळे पेढा घट्ट आणि रवाळ होतो. तो चावावा लागतो आणि चावल्यावर आधी गोड नाही, खरपूस लागतो. गोडी मागून येते. पांढऱ्या, मऊ, केशर घातलेल्या पेढ्यापेक्षा त्याचं वेगळेपण याच खरपूसपणात आहे. ‘विरघळतो’ म्हणणाऱ्याने पेढा खाल्लाच नाही असं मी म्हणत नाही. त्याने खाताना तो चाखला नाही, एवढंच म्हणतो.

दुसरी गोष्ट नावाची. इंग्रजांनी पेढा चाखला, ‘कँडी’ म्हणाले, आणि त्याचं ‘कंदी’ झालं, अशी कथा रील्समध्ये हमखास येते. कथा छान आहे. पण ‘गुलकंद’ हा शब्द आपल्या घरात कधीपासून आहे? त्यातला ‘कंद’ म्हणजे साखर. फारसीतला हा शब्द अरबीतून आणि फ्रेंचमधून फिरत इंग्रजीत गेला आणि तिथे ‘कँडी’ झाला. त्याचं मूळ संस्कृतातल्या ‘खंड’मध्ये असावं असं भाषेचे अभ्यासक मानतात. म्हणजे ‘कंदी’ शब्दासाठी इंग्रजाची वाट बघायची गरजच नव्हती. इंग्रजांची कथा खरी असेलही. पण एकाने सांगितली म्हणून दुसऱ्याने सांगितली, दुसऱ्याने सांगितली म्हणून तिसऱ्याने, आणि गुलकंदाच्या बरणीकडे कुणीच बघितलं नाही. आमच्या धंद्यात याला कॉपी-पेस्ट म्हणतात. एका फाइलमधली चूक अशीच दहा फाइलींत जाते.

आता थोडं न्यायाने बोलू. रील एक मिनिटाची असते, तिच्याकडून शब्दकोश मागणं बरोबर नाही, असं कुणी म्हणेल. पण मराठीत चवीसाठी एकेक शब्द पुरतो, मिनिटभर लागत नाही. खमंग, खरपूस, चुरचुरीत, चरचरीत, झणझणीत, तिखटजाळ, आंबटढाण, गोडमिट्ट, तुरट, अळणी, पाणचट, मचूळ, खवट. यातला प्रत्येक शब्द ‘एक नंबर’पेक्षा आखूड आहे किंवा तेवढाच आहे, आणि प्रत्येक शब्द काहीतरी माहिती देतो. दुर्गा भागवतांनी खाण्यावरच्या पुस्तकाला नावच ‘खमंग’ दिलं. ‘झणझणीत’ आणि ‘तिखटजाळ’ यांत फरक आहे. पहिल्यात मजा आहे, दुसऱ्यात तक्रार. ही यादी पुन्हा वाचली तर लक्षात येईल की निम्मे शब्द तक्रारीचेच आहेत. आणि रील्समधून नेमके तेच गायब आहेत. वर्षभरात मी एकाही रीलमध्ये ‘अळणी’ ऐकलेला नाही.

का नाही, हे मला साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर कळलं. संध्याकाळी पाऊस थांबला होता, गाड्यांवर दिवे लागले होते. एका गाडीवर फलक होता, त्यावर एका व्हायरल रीलमधला फोटो. गर्दी तिथेच. मी मागवलेल्या पदार्थावर चीजचा असा ढीग होता की खाली काय आहे ते शोधावं लागलं. खाली होतं ते मचूळ होतं. गर्दी ओसरल्यावर मी गाडीवाल्या काकांना विचारलं, “काका, हे चीज पहिल्यापासून घालता?” ते म्हणाले, “न्हाय ओ. पहिलं लसणाची चटणी असायची. पण कॅमेऱ्यात चीज दिसतं, लसूण दिसत न्हाय.”

एवढ्या एका वाक्यात सगळं आलं. कॅमेऱ्याला ताणलं जाणारं दिसतं, वाफ दिसते, तर्रीचा लाल रंग दिसतो, ताटाचा आकार दिसतो. खमंगपणा दिसत नाही. भाजलेल्या खव्याचा वास दिसत नाही. मग जे दिसतं ते वाढत जातं आणि जे दिसत नाही ते कमी होत जातं. समीक्षेचा कलेवर परिणाम होतो हे आपण नाटकाबद्दल ऐकलेलं असतं. इथे तो एका हातगाडीवर, चटणीच्या डब्यापर्यंत पोचलेला मी बघितला.

पण याच काकांचं दुसरं वाक्यही सांगायला हवं. “त्या पोरांमुळं गिऱ्हाईक वाढलं, ते खोटं कशाला बोलू?” माझी अडचण इथून सुरू होते. पुलंचा ‘माझे खाद्यजीवन’ किती जणांनी वाचला असेल, पण तो वाचून कुणा हातगाडीवाल्याच्या घरी जास्तीचे पैसे गेले असतील का, शंकाच आहे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० साली आली आणि घराघरांत गेली, पण ती घरच्या स्वयंपाकाची. रस्त्यावरच्या खाण्याला इतके प्रेक्षक कुणी मिळवून दिले असतील तर ते फोन हातात घेतलेल्या पोरांनी. त्यामुळे ‘रील्सनी वाट लावली’ असं म्हणून मला मोकळं होता येत नाही. ‘अळणी’ म्हणायला जीभ का अडखळते तेही समजतं. समोर माणूस उभा असतो आणि त्याचं त्या दिवसाचं पोट त्याच कढईवर असतं.

दुसऱ्या दिवशी सांगली. दुपारी आयर्विन पुलावरून दुथडी भरलेली कृष्णा बघितली. २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं ते पुलावरच्या एका आजोबांनी हात करून दाखवलं. रील्समध्ये सांगली म्हणजे भडंग आणि भेळ. खरं तर हे हळदीचं आणि बेदाण्याचं शहर आहे. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भडंगाच्या फोडणीत पडणारी हळद जवळच्याच बाजारातून येत असेल, हे एकाही रीलने विचारलं नव्हतं.

संध्याकाळी एका छोट्या दुकानात पुण्याला न्यायला अर्धा किलो भडंग मागितलं. दुकानातल्या मावशींनी पिशवी उघडली, दोन चिरमुरे तोंडात टाकले आणि पिशवी परत बांधून ठेवली.

“आज नको नेऊ दादा. हवा ओली हाय, जरा सादळलंय. पुण्याला जाईस्तोवर चिवट हुईल.”

“मग इथंच खाऊ का?”

“खा की. थांब, कढईत फिरवून देते.”

जाड चिरमुरे, लसूण, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट. मंद आचेवर पाच मिनिटं. चिरमुऱ्याचा कुरकुरीतपणा त्याच्या कोरडेपणात असतो. हवेतला ओलावा आत शिरला की तो आधी मऊ आणि मग चिवट होतो, आणि कढईच्या उष्णतेने ओलावा गेला की परत कुरकुरतो. त्यांनी वर कांदा घातला, लिंबू पिळलं. लसूण तळून कडक झालेला, दाताखाली कडवटपणाच्या अगदी आधी थांबलेला. मी दोन दिवसांत खाल्लेलं हे सगळ्यात चांगलं होतं. आणि मला ते मिळालं कारण विकणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मालाला नावं ठेवली.

‘सादळलंय.’ माझी आजी हा शब्द पापडाबद्दल वापरायची. मी तो कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. या शब्दात हवामान आहे, वेळ आहे, पदार्थ कसा असायला हवा होता ते आहे, आणि उपायसुद्धा आहे, कारण सादळलेलं परत भाजता येतं. एका शब्दात पूर्ण परीक्षण. त्या दोन दिवसांत मला भेटलेली सगळ्यात चांगली समीक्षक गल्ल्यामागे बसलेली होती आणि तिला अर्धा किलोचं गिऱ्हाईक गमावायला लागलं.

याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं. हे शहर स्वतःला नाट्यपंढरी म्हणवतं. प्रत्येक नाटक ‘एक नंबर’ असं इथे कुणी म्हणालं तर लोक त्याला नाटकातलं कळतं असं मानणार नाहीत. अंक कुठे रेंगाळला, कोण कुठे चुकलं, हे सांगणं म्हणजे नाटकावरचं प्रेम. मग भडंगाने काय घोडं मारलंय? खाण्याबद्दल मराठीत गंभीरपणे लिहिता येतं हेही आपण बघितलं आहे. शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ मध्ये आलं. कोणाच्या ताटात काय होतं आणि काय येऊ दिलं नाही, हे त्या पुस्तकाने विचारलं. तिथे पदार्थ कसा झाला यापेक्षा तो कुणाचा आणि का, हा प्रश्न मोठा आहे.

मला एवढं मोठं काही मागायचं नाही. रील करणाऱ्यांनी तीन गोष्टी सांगाव्यात. कधी खाल्लं: पावसात की उन्हात, पहिल्या घाण्याचं की शेवटच्या. पदार्थ स्वतःच्या हिशेबाने कसा असायला हवा: पेढा खरपूस की मऊ, भडंग कुरकुरीत की लसणीचं. आणि एक तरी उणं, विकणाऱ्याला तोंडावर सांगता येईल अशा शब्दांत. मावशींना ‘सादळलंय’ म्हटलं तर त्या रागावणार नाहीत, कढई तापवतील.

आता माझं उणं. तीन वर्षांपूर्वी पुण्यात, ऑफिसजवळच्या एका गाडीला मी नकाशाच्या अ‍ॅपवर दोन स्टार दिले होते. खाली एकच शब्द: ‘ओव्हररेटेड’. तेव्हा तिथे पाच जणांचे पाच-पाच स्टार होते. माझ्या दोनने सरासरी साडेचारवर आली. हे गणित मला तेव्हाही येत होतं, आणि आपण परखड आहोत असं वाटून बरंही वाटलं होतं. सांगलीहून परत येताना बसमध्ये ते आठवलं. ठरवलं की पुन्हा नीट लिहू, काय आवडलं नव्हतं ते सांगू. फोन काढला, रिव्ह्यू उघडला आणि लिहायला बसलो.

काहीच आठवेना. तिखट होतं? तेल जास्त होतं? पाव शिळा होता? ज्या माणसाला मी दोन स्टार दिले त्याच्या हातचं मी काय खाल्लं, हे मला सांगता येत नव्हतं. ‘एक नंबर’ म्हणणाऱ्यांवर मी दोन दिवस हसत होतो, आणि माझ्याकडे फक्त ‘दोन नंबर’ होता. कराडच्या पुढे कुठेतरी मी तो रिव्ह्यू पुसून टाकला. या शनिवारी त्या गाडीवर परत जाणार आहे.