रानडे यांचे कासव

संगणकाची भाषा शिकवणारी बहुतेक पुस्तके विद्यार्थ्याला प्रथम पडद्यावर एखादे वाक्य छापायला लावतात. वाक्य उमटते, आनंदही होतो; पण आपण नेमके काय केले हे त्याला उमगलेले नसते. वाक्याच्या आगेमागे जी चिन्हे त्याने मुकाट्याने उतरवून काढली, त्यांचा अर्थ 'पुढे समजेल' असे त्याला सांगितलेले असते. अभिराम रानडे यांच्या 'ॲन इंट्रोडक्शन टू प्रोग्रामिंग थ्रू सी प्लस प्लस' (मॅकग्रॉ हिल, २०१४) या पुस्तकाची सुरुवात निराळी आहे. पुस्तक निघाले तेव्हा रानडे हे आय.आय.टी. मुंबईत संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पहिल्या प्रकरणात पडद्यावर एक कासव येते. 'फॉरवर्ड' म्हटले की ते चालते, 'लेफ्ट' किंवा 'राइट' म्हटले की वळते, आणि चालताना रेघ ओढते. चार वेळा चालवून दर वेळी ९० अंश वळवले की चौरस पूर्ण होतो.

कासव रानडे यांचे नव्हे. १९६७ साली अमेरिकेत तयार झालेल्या 'लोगो' भाषेतून ते आले आहे, आणि सीमूर पॅपर्ट यांनी ते जगभर नेले. आमच्या पालीतल्या आठवी-नववीच्या मुलांना ते समजावून सांगायला संगणक लागत नाही. बल्लाळेश्वराला प्रदक्षिणा घालणारा माणूस पुन्हा पहिल्या जागी, पहिल्याच दिशेला तोंड करून उभा राहतो तेव्हा तो एकंदर किती अंश वळलेला असतो? ३६०. (पुस्तकातल्यासारखे डावीकडे वळत गेलो तर प्रदक्षिणा उलटी होईल, हे मुलेच सांगतात.) मग त्रिकोण काढा म्हटले की निम्मा वर्ग 'तीन वेळा ६० अंश' असे लिहितो आणि कासव अर्धा षटकोन काढून थांबते. वळायचा कोन आतला नव्हे, बाहेरचा, म्हणजे १२० अंश. भूमितीच्या तासाला जे पाठ होते ते येथे चुकून, दिसून आणि दुरुस्त होऊन कळते.

मला या पुस्तकातले सर्वांत आवडलेले उदाहरण मात्र टॅक्सींचे आहे. चालक येतात, आपला क्रमांक नोंदवतात. प्रवासी आला की सर्वांत आधी आलेल्याला पाठवायचे. संगणकाकडे वळण्यापूर्वी लेखक विचारतो, हेच काम तुम्ही फळ्यावर कसे कराल? वरचा क्रमांक पुसून बाकीचे सगळे एकेक ओळ वर सरकवाल काय? पाचशे चालक असतील तर दर वेळी ४९९ क्रमांक पुन्हा लिहावे लागतील. त्यापेक्षा पुसलेली जागा तशीच ठेवावी, फळा संपला की पुन्हा वरून लिहावे, आणि रांगेचे तोंड कोठे आहे व किती जण थांबले आहेत एवढेच लक्षात ठेवावे. सहा ओळींच्या फळ्यावर शून्यापासून मोजून तोंड ४ वर असेल आणि तिघे थांबले असतील, तर नवा क्रमांक कोठे लिहायचा? ४ अधिक ३ म्हणजे ७, त्याला ६ ने भागून बाकी १. पालीच्या एस.टी. स्टँडबाहेर नंबर लावून उभ्या राहणाऱ्या रिक्षा ज्याने पाहिल्या आहेत त्याला हे परके वाटणार नाही.

आता आक्षेप. कासवाच्या आज्ञा आणि पुनरावृत्तीसाठीचा 'रिपीट' हा शब्द मूळ सी प्लस प्लस भाषेत नाहीत. ते रानडे यांच्या 'सिंपलसीपीपी' या जोडसंचातून येतात. म्हणजे विद्यार्थी जी भाषा प्रथम शिकतो ती त्या संचाबाहेर चालत नाही. शिवाय चूक झाली की संगणकाच्या तक्रारीत त्याने कधीच न लिहिलेले शब्द येतात, आणि नवशिका गोंधळतो. ही लपवाछपवी नाही काय?

ती तशी ठरत नाही, कारण संचाची मूळ आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येते. मुक्त आज्ञावलीविषयी आपल्याकडे बोलले जाते ते बहुधा 'फुकट मिळते' एवढेच. वर्गातला उपयोग वेगळा आहे. समजा 'रिपीट'मध्ये एन वेळा असे लिहिले आणि आतच एन दर वेळी एकाने वाढवला. कासव थांबेल का? वर्गात दोन तट पडतील. फाईल उघडा: 'रिपीट' ही 'फॉर' आज्ञेची एका ओळीची बदली आहे, आणि त्या ओळीत एनची किंमत आरंभीच एका वेगळ्या नावाखाली राखून ठेवली आहे. म्हणून कासव थांबते. साध्या 'फॉर'मध्ये अट दर फेरीला एनशीच ताडून पाहिली, तर ते थांबायचे नाव घेणार नाही. निकाल शिक्षकाच्या अधिकाराने नव्हे, मजकूर वाचून लागला. माझ्या मते हा धडा तक्रारी सुरू होण्याआधीच, पुस्तकाच्या पूर्वार्धात, सविस्तर घ्यायला हवा.

दुसरी अडचण इंग्रजीची. महाराष्ट्रात अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात सी प्लस प्लस अनेक वर्षे शिकवले गेले, पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने हे पुस्तक एकट्याने वाचणे कठीण आहे. येथेही उघडी फाईल थोडी कामी येते. 'रिपीट'ऐवजी 'फेरा' लिहिता यावे यासाठी एक ओळ पुरते. जीसीसी हा मुक्त अनुवादक २०२०च्या दहाव्या आवृत्तीपासून देवनागरीत लिहिलेली अशी नावे थेट स्वीकारतो. चुकांचे संदेश इंग्रजीतच येतील. स्पष्टीकरणाचे परिच्छेद तर एका ओळीने मराठीत येणार नाहीत. ते कोणीतरी बसूनच करायला हवे, आणि सुरुवात टॅक्सींच्या उदाहरणापासून करावी असे मी सुचवीन.