पाड्यावरचा पाहुणा

रानात राहणाऱ्या लोकांच्या वस्तीस भेट देऊन आल्यावर लिहिलेले वर्णन हा प्रवासवाङ्मयाचा एक निराळा पोटप्रकार मानावयास हरकत नाही. त्याचा साचा आता वाचकांस तोंडपाठ झाला आहे. प्रथम अवघड वाट किंवा नदीतील होडी. मग लेखकाची दमछाक. नंतर वस्ती, हसतमुख यजमान, रात्रीचा नाच, आग्रहाने पुढे केलेला पेला. आणि शेवटी शहराकडे तोंड फिरविताना, खरे सुख येथेच आहे, असा एक उसासा. या साच्यातले सर्वच लेखन टाकाऊ असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते वाचताना दोन साधे प्रश्न विचारावे असे आम्हास वाटते: हा पाहुणा येथे कशासाठी आला होता, आणि किती दिवस राहिला? पुस्तकाची किंमत पुष्कळ अंशी या दोन उत्तरांवर ठरते.

एक दूरचे उदाहरण घेऊ. बोर्निओ बेटावरील सारावाकमध्ये इबान नावाचे लोक आहेत. त्यांचे जुन्या पद्धतीचे गाव म्हणजे खांबांवर उभारलेले एकच लांबलचक घर. त्याच्या एका अंगास प्रत्येक कुटुंबाचे स्वतंत्र बिऱ्हाड, त्यास ते ‘बिलिक’ म्हणतात. दुसऱ्या अंगास या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली सामाईक ओसरी, ती ‘रुआई’. घर केवढे आहे हे ते दारांच्या संख्येवरून सांगतात. पाहुण्याचे स्वागत होते ते या ओसरीवर, तांदळाच्या मद्याने. एक रात्र ओसरीवर काढणाऱ्यास सहजच वाटते की, येथे सर्व काही सर्वांचे आहे. ‘माझे-तुझे’ हा भेद या भोळ्या लोकांस ठाऊकच नाही. डेरेक फ्रीमन हा मानववंशशास्त्रज्ञ १९४९ ते १९५१ या काळात त्यांच्यात राहिला, तेव्हा त्यास निराळेच आढळले. भाताचे शेत प्रत्येक बिऱ्हाडाचे वेगळे, कणगी वेगळी, चूलही वेगळी. छप्पर मात्र एक. शिवाय इबान तरुणाने देशांतरास जाऊन अनुभव व नाव मिळवून परतावे अशी त्यांची जुनी चाल आहे. तिला ‘बेजालाइ’ असा शब्दच आहे. म्हणजे ज्यास आपण जगापासून दूर राहिलेला समजतो, तो यजमान कदाचित आपल्याहून अधिक मुलूख हिंडलेला असावयाचा! पाहुण्यास जे दिसले ते खोटे नव्हते. पण ओसरी पाहून घर पाहिल्याचा समज त्याने करून घेतला होता.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पासूनच्या पालघर जिल्ह्यातील, डहाणू-तलासरीचे वारली पाडे सुशिक्षित मराठी कुटुंबास आज परके राहिलेले नाहीत. मुलाबाळांसह एक दिवस पाड्यावर जावे, तारप्याच्या तालावर चार पावले टाकावी, एखादे चित्र विकत घ्यावे, असा बेत पुष्कळ घरांत होतो. चित्रे तर घरोघर पोचली आहेत; पेल्यांवर, पडद्यांवर, उपाहारगृहांच्या भिंतींवर ती दिसतात. या चित्रांचे मूळ मात्र लग्नघरात आहे. कारवीच्या कुडास शेणमातीने सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने सुवासिनी जो चौक लिहितात, त्याच्या मध्यभागी पालघाट देवी असते. चौक झाल्यावाचून लग्न लागत नाही, आणि लग्नाची गाणी म्हणावयाची ती धवलेरीने. १९७० नंतरच्या वर्षांत भास्कर कुलकर्णी यांनी या कलेकडे बाहेरच्या जगाचे लक्ष वेधले. जिव्या सोमा मशे यांनी तिला भिंतीवरून कागदावर आणिले आणि लग्नविधीपलीकडचे विषय दिले. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली. हे सर्व आनंदाचेच आहे. पण चौक म्हणजे इबानांच्या ओसरीसारखा आहे. आलेल्यास तो लगेच दिसतो आणि मोहवितो. आणि त्या लग्नाची दुसरी बाजू त्याच्यामागे झाकली जाते.

ती दुसरी बाजू मराठीत एका पुस्तकाने उघड केली. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. ते चळवळीचा इतिहास म्हणून वाचण्याची आपली रीत आहे. आम्ही येथे ते एका पाहुणीचे पुस्तक म्हणून वाचीत आहो. पुण्याच्या सुखवस्तू घरात वाढलेली, कायद्याची पदवी घेतलेली ही बाई १९४५ च्या सुमारास किसान सभेच्या कामासाठी पाड्यापाड्यांतून पायी फिरू लागली, वारल्यांच्या झोपड्यांत राहू लागली. कशासाठी आली, या आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे स्पष्ट आहे: वेठबिगार आणि लग्नगडीची चाल मोडण्यासाठी. लग्नगडी म्हणजे लग्नापुरते कर्ज काढून त्याच्या फेडीसाठी पत्नीसह जमीनदाराच्या घरी राबणारा, आणि बहुधा जन्मभर राबणारा, वारली. ज्या लग्नात भिंतीवर देवीचा चौक लिहिला जाई, त्याच लग्नाने नवरा-नवरी गुलाम होत. एका लग्नाची ही दोन चित्रे शेजारी ठेवली की पाहुण्याच्या वहीत काय उतरते आणि काय सुटते ते वेगळे सांगावयास नको.

या पुस्तकाचा मोठा गुण असा की, त्यात दुःखास आकडा आहे. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मिळावी ही वारल्यांची मागणी वाचली म्हणजे ‘निसर्गाची लेकरे’ हा आपला आवडता शब्दप्रयोग आपोआप गळून पडतो; समोर उरतो तो हिशेब मागणारा मजूर. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला व त्यात पाच माणसे मेली, हेही त्याच हिशेबात येते. दुसरा गुण भाषेचा. गोदावरीबाईंची वाक्ये सरळ आहेत. जेथे दुसऱ्या लेखकाने करुणरसाचा पाट काढला असता, तेथे त्या घडलेले सांगून पुढे जातात.

तथापि, या पुस्तकास दोष नाही असे नव्हे. कार्यकर्त्याची दृष्टी जशी खोल जाते तशीच ती एका बाजूस झुकते. वारली येथे बहुधा जमीनदाराच्या संबंधात दिसतो; त्याची गाणी, देव, थट्टामस्करी ही ओघात येऊन जातात. आमचा विशेष आक्षेप नावाकडे आहे. माणूस जागा होतो म्हणजे तो आधी झोपला होता, असा त्याचा ध्वनी निघतो. पण पुस्तकच साक्ष देते की, वारली झोपलेला नव्हता, भ्यालेला होता. आणि भ्यालेला माणूस इतरांहून अधिक जागा असतो. नवीन पाहुणीस विश्वासण्यापूर्वी त्याने तिला पारखून घेतले, यातच त्याची जागृती दिसते.

याच मुलखातील दुसरे पुस्तक अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. ताराबाई मोडक व अनुताई यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम आरंभिले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे. आणि मुले गुरांमागे कुरणात असतील, तर कुरणातच ‘कुरणशाळा’ भरवावी, असा त्यांचा विचार. गोदावरीबाईंच्या लेखनातील धग येथे नाही. पण त्यांच्या पुस्तकात जे मागे राहिले, ते वारल्याचे रोजचे घर आणि मूल येथे जवळून दिसते. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचावी, अशी आमची शिफारस आहे.

एवढे लिहून झाल्यावर आम्हां देवरूखकरांस आपल्याच डोंगराकडे पाहणे प्राप्त आहे. मकरसंक्रांतीस मार्लेश्वर आणि गिरिजादेवी यांच्या विवाहासाठी हजारो माणसे मारळच्या वाटेने सह्याद्रीच्या पायथ्याशी जातात. त्याच सह्याद्रीच्या वरच्या अंगास गवळी धनगरांचे वाडे आहेत. म्हशी पाळाव्या आणि लोणी खाली आणून विकावे, हा त्यांचा जुना व्यवसाय; माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा यांच्या अभ्यासाने दाखविले आहे की, खालच्या खोऱ्यांत कुणबी आणि वरच्या सड्यांवर गवळी, अशी त्यांची निर्वाहसाधने पिढ्यान्‌पिढ्या वाटून घेतलेली होती. जंगले राखीव झाली, चराई आखडली, आणि ती घडी विसकटली. धनगरवाड्यावर जाऊन ताक पिऊन आलेला पाहुणा धुक्याचे आणि शांततेचे वर्णन करील, व ते गोडही वाटेल. चैत्रात पाणी कोठून आणतात, आजारी माणूस खाली कसा उतरवितात, म्हशी किती होत्या व किती उरल्या, हे विचारण्यास मात्र एक दिवस पुरत नाही.

याच गावात इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली मातृमंदिर काढिले आणि येथेच राहून ते वाढविले, ही गोष्ट येथील लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. लेखकाने कार्यकर्ता व्हावे असा आमचा आग्रह नाही. परंतु धनगरवाड्यावर लिहू इच्छिणाऱ्याने एक पावसाळा तेथे काढावा, लिहिलेले तेथील माणसांस वाचून दाखवावे, आणि त्यांनी जेथे हटकले असेल तेथे खोडावे; मग ते आमच्याकडे धाडावे. आम्ही ते आनंदाने छापू.