एर्नेस्तो की फ्रांको?

ऑस्कर वाइल्डचे ‘द इम्पॉर्टन्स ऑफ बीइंग अर्नेस्ट’ हे नाटक १४ फेब्रुवारी १८९५ रोजी लंडनच्या सेंट जेम्स थिएटरात प्रथम रंगले. ‘अर्नेस्ट’ हे पुरुषाचे नाव. लेखनात एका अक्षराचा फरक केला की तोच उच्चार ‘मनापासून गंभीर, सच्चा’ असा अर्थ देतो. अर्नेस्ट हे खोटे नाव सांगणारा नायक अखेर खरोखरच अर्नेस्ट निघतो, ही सारी गंमत.

इटालियनमध्ये ‘एर्नेस्तो’ हे नुसते नाव. म्हणून तिथे रूढ झालेले शीर्षक म्हणते: ‘एर्नेस्तो हे नाव असण्याचे महत्त्व’. नाव राहिले, गुण गेला; शीर्षकाकडे वळणारे नाटकाचे अखेरचे वाक्यही त्यामुळे कोरडे पडते. काही अनुवादकांनी नायकाला ‘फ्रांको’ केले. फ्रांको हे नावही आहे आणि ‘मोकळ्या मनाचा, स्पष्टवक्ता’ असा त्याचा अर्थही. व्हिक्टोरियन गांभीर्याची थट्टा त्यात पातळ होते, हे मान्य. पण थापाड्याचे नाव ‘स्पष्टवक्ता’, ही विसंगती प्रेक्षकाला तत्काळ कळते. आमच्या मते विनोदी नाटकात हसू वाचवणारा अनुवादच मुळाशी अधिक प्रामाणिक. शब्दाला प्रतिशब्द मिळाला म्हणजे विनोद मिळतोच असे नाही, हे दोन भाषांत संसार करणाऱ्या आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नकोच.