संदर्भगणना आणि संशोधनाचा प्रभाव : प्रवराकाठच्या दोन संज्ञा

संशोधकाच्या कार्याचे मोल त्याच्या लेखनाला मिळालेल्या संदर्भांच्या संख्येवरून आणि सहलेखकांच्या नोंदींवरून ठरविण्याची पद्धती विद्यापीठीय जगात दृढमूल झाली आहे. ज्याचा प्रभाव पडतो त्याचा नामनिर्देश होतो, हे तिचे गृहीतक होय. ते कितपत टिकते हे अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पुरातत्त्वीय संशोधनाच्या आधारे तपासून पाहण्यासारखे आहे.

युजीन गारफील्ड ह्यांनी १९५५ मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली ती शोधसाधन म्हणून. एखाद्या लेखावर पुढे कोणी टीका केली हे वाचकाला कळावे आणि सदोष निष्कर्ष डोळे मिटून पुढे चालविले जाऊ नयेत, हा तिचा एक प्रमुख हेतू होता. १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आला आणि कालांतराने ह्या शोधसाधनाचे मापनसाधन झाले. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श ह्यांनी एच्-निर्देशांक सुचविला. ज्याच्या दहा लेखांना प्रत्येकी किमान दहा संदर्भ मिळाले आहेत, पण अकरा लेखांना अकरा मिळालेले नाहीत, त्याचा निर्देशांक दहा. ह्या हिशेबात अनेक वर्षांच्या श्रमांतून सिद्ध झालेल्या एका ग्रंथाला हजार संदर्भ मिळाले, तरी त्या एका ग्रंथापुरता निर्देशांक एकच राहतो. उत्खननाचे वृत्तांत हे बहुधा असेच ग्रंथ असतात.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव ह्यांनी संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये उत्खनन केले. नाशिक व जोर्वे येथील उत्खननांचा त्यांचा वृत्तांत १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. चाकावर घडविलेली, चांगली भाजलेली, लाल पृष्ठावर काळी नक्षी असलेली भांडी, विशेषतः लांब तोटीची भांडी, जोर्वे येथे मिळाली. त्याच जातीची भांडी पुढे नेवासे, दायमाबाद, इनामगाव अशा अनेक स्थळी आढळली आणि इ. स. पू. सुमारे १४०० ते ७०० ह्या कालखंडातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला ‘जोर्वे’ हे नाव मिळाले.

ह्या शब्दाचा प्रवास अर्थपूर्ण आहे. उत्खननापूर्वी ‘जोर्वे’ हे केवळ ग्रामनाम होते. आज ‘जोर्वे भांडी’, ‘जोर्वे थर’, ‘उत्तर जोर्वे काळ’ अशी पदे त्यापासून सहज घडतात. शब्द परिभाषेत असा रुळला की त्याच्या कर्त्याचे नाव घेण्याची गरज उरत नाही. रॉबर्ट मर्टन ह्या समाजशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये ह्या प्रक्रियेचे वर्णन केले : विचार सर्वमान्य ज्ञानात सामावला जातो आणि ह्या सामावण्यातच त्याचे उगमस्थान पुसले जाते. नेवाशाशी परंपरेने निगडित असलेल्या ज्ञानेश्वरीत पूर्वीच्या भाष्यकाराचे साहाय्य मान्य केलेले आहे. पण नाव दिलेले नाही. तो भाष्यकार कोण, ह्याची चर्चा अभ्यासकांना करावी लागली. ऋण तेथे स्पष्ट आहे. गणनेत धरता येईल असे नाव मात्र नाही.

दुसरी संज्ञा ‘नेवासियन’. नेवासे परिसरात प्रवरेच्या काठी सापडलेल्या छिलक्यांच्या दगडी हत्यारांवरून सांकळिया ह्यांनी ती योजिली. पुढे ‘मध्य पुराश्मयुग’ ही व्यापक संज्ञा रूढ झाली आणि ‘नेवासियन’ मागे पडली. आज ती वापरणाऱ्याला ती कोणी, कशासाठी योजिली हे सांगावे लागते. म्हणजे मागे पडलेली संज्ञा कर्त्याचा निर्देश मागते, तर रूढ झालेली संज्ञा त्यावाचून चालते. संदर्भ मोजणारा पहिलीचे मोल अधिक धरील. ह्याचा अर्थ संदर्भसंख्या निरर्थक आहे असा नव्हे. एखादा प्रश्न अद्याप विवाद्य आहे, जिवंत आहे, हे ती दाखविते. विवाद मिटल्यावर जो प्रभाव उरतो तो मात्र तिच्या आवाक्याबाहेरचा आहे.

सहकार्याच्या मापनातही हीच अडचण येते. नेवाशाच्या १९५४-५६ मधील उत्खननाच्या वृत्तांतावर (१९६०) सांकळिया, देव, झै. दा. अन्सारी आणि सोफी एर्हार्ट अशी चार नावे आहेत. सहलेखनाच्या जाळ्यात ही चारही नावे सारख्याच रेषांनी जोडली जातील. एर्हार्ट ह्यांचे काम मानवी सांगाड्यांच्या अभ्यासाचे होते, हे त्या रेषांवरून कळणार नाही. नेवासे येथे मिळालेल्या प्राचीन धाग्याची तपासणी अ. ना. गुलाटी ह्यांनी केली. त्यांचे रेशमाविषयीचे टिपण १९६१ मध्ये स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. म्हणून वृत्तांताच्या सहलेखकांत ते नाहीत. दायमाबादचे स्थळ १९५८ मध्ये बा. पु. बोपर्डीकर ह्यांनी शोधले. तेथे म. न. देशपांडे, शि. रं. राव आणि शां. आ. साळी ह्यांनी क्रमाने उत्खनन केले. तेथील सुप्रसिद्ध कांस्यप्रतिमा १९७४ मध्ये जमीन खणताना एका भिल्ल ग्रामस्थाच्या हाती लागल्या. १९८६ चा वृत्तांत मात्र साळी ह्यांच्या एकट्याच्या नावावर आहे, आणि वृत्तांतलेखक ह्या नात्याने ते योग्यच आहे. दोन दशकांचे हे सहकार्य ग्रंथाच्या मुखपृष्ठावरून मोजता येत नाही, एवढाच मुद्दा.

मराठी लेखनाची तर गणनाच क्वचित होते. सांकळिया आणि म. श्री. माटे ह्यांचा ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ (१९७६) हा ग्रंथ महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला; आंतरराष्ट्रीय सूचींना त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. २०१५ च्या लायडेन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या आणि इंग्रजीतर भाषांतील संशोधनाला संरक्षण द्यावे असे सुचविले, ते ह्याच उणिवेमुळे.

हा प्रश्न केवळ न्यायाचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने प्रकाशनांना गुण दिले, तेव्हापासून विषयाची निवड आणि गुणांचा हिशेब ही एकमेकांत गुंतली आहेत. उत्खनन, बोलींची पाहणी, कोशरचना ही कामे वर्षानुवर्षे चालतात आणि एकाच ग्रंथात संपतात. केवळ संख्या पाहिली, तर ती अंगावर घेण्यास तरुण अभ्यासक धजणार नाही. म्हणून मूल्यमापन करणाऱ्या समितीने संख्येबरोबर तीन गोष्टींची लेखी नोंद मागवावी : संशोधकाने दिलेल्या कोणत्या संज्ञा, वर्गीकरणे वा पद्धती इतरांच्या वापरात आहेत, सामूहिक कार्यात त्याचा नेमका वाटा कोणता, आणि त्याचे कार्य कोणत्या भाषेतील वाचकांपर्यंत पोहोचले. अशी नोंद वाचण्यास वेळ लागेल. परंतु मोल ठरविणाऱ्याने मूळ कार्य वाचलेले असावे, ही अपेक्षा मुळीच अवाजवी नाही.