आचारी, आचार्य आणि ई-रीडर

गेली दोन वर्षं एक ई-रीडर माझ्या कार्टमध्ये पडून आहे. सेल लागला की त्याची किंमत थोडी उतरते, मी त्याची स्पेसिफिकेशन्स पुन्हा एकदा वाचतो, दोन रिव्ह्यू व्हिडिओ बघतो आणि मग रील्स बघत झोपून जातो. ई-रीडर घ्यावा की नाही, यावर मी आजवर जेवढं वाचलंय तेवढ्या वेळात एक जाडजूड कादंबरी सहज संपली असती.

शेवटी ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं तिचा किंडल महिनाभर वापरायला दिला. "वापर आणि काय ते एकदाचं ठरव," म्हणाली. हा लेख त्या महिन्याचा हिशेब आहे. स्टोरेज आणि बॅटरीच्या तुलना तुम्हाला कुठेही मिळतील. माझा प्रश्न वेगळा आहे: मराठी वाचणाऱ्या माणसानं या यंत्रावर १५ हजारांच्या आसपास खर्च करावा का?

आधी माझी परिस्थिती सांगतो. शाळेत असताना गावातल्या नगर वाचनालयातून आठवड्याला दोन पुस्तकं घरी यायची. एक माझं, एक आईचं, आणि मग अदलाबदल. इंजिनिअरिंगला गेल्यावर वाचन आटलं, नोकरी लागल्यावर जवळपास बंदच झालं. म्हणजे अक्षरं मी दिवसभर वाचतोच. कोड, ईमेल, व्हॉट्सॲप, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये बस अडकली की असले लेख. पण ३०० पानांचं पुस्तक उघडलं की विसाव्या पानाच्या आतच हात फोनकडे जातो. कुणाचा मेसेज आलेला नसतो, तरी जातो. ही सवय मोडायला १५ हजार लागत असतील तर सौदा स्वस्त आहे, असं मला वाटत होतं.

आणि खरंच, पहिले तीन आठवडे ते यंत्र मला फार आवडलं. पहिला किंडल २००७ मध्ये अमेरिकेत आला. त्याचा पडदा तेव्हाही आपल्या फोनसारखा नव्हता, आजही नाही. या पडद्यात साधारण केसाच्या जाडीच्या अगणित कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे-पांढरे कण. वीज दिली की ठरवलेले कण वर येतात, बाकीचे खाली जातात आणि अक्षर उमटतं. मग वीज बंद केली तरी ते कण जागचे हलत नाहीत. म्हणून बॅटरी आठवडे-आठवडे टिकते आणि भर उन्हातही पान स्वच्छ दिसतं. रात्रीसाठी असलेला दिवासुद्धा पडद्याच्या कडेनं, पानावर पसरेल असा लावलेला असतो.

पण महिनाभरानंतर मला वाटतं, की या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्याची गरिबी. त्याला काहीच नीट येत नाही. व्हिडिओ नाही, नोटिफिकेशन नाही. ब्राउझर आहे, पण इतका मंद की एकदा उघडल्यावर पुन्हा उघडावासा वाटत नाही. त्यामुळे हात फोनकडे जायचा तो वाटेतच थांबायला लागला. तीन आठवड्यांत मी तीन पुस्तकं संपवली. कितीतरी वर्षांनी असं झालं होतं. मी मैत्रिणीला जाहीर करून टाकलं, "घेतोय."

चौथ्या आठवड्यात आईचा फोन आला. नेहमीचं बोलणं झाल्यावर तिनं विचारलं, "काय वाचतोयस हल्ली?" मी तिन्ही पुस्तकांची नावं सांगितली. ती "बरं," म्हणाली आणि विषय बदलला. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की तिन्ही पुस्तकं इंग्रजी होती. मराठीचं एक पानही मी वाचलं नव्हतं. मी तसं ठरवलं नव्हतं. यंत्रावर जे सहज मिळालं ते वाचत गेलो.

मग मी मुद्दाम मराठी वाचायचं ठरवलं, आणि इथून पुढचा महिना वेगळाच गेला.

माझ्या लॅपटॉपवर मराठी पुस्तकांच्या पीडीएफ बऱ्याच आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवलेल्या, ई साहित्य प्रतिष्ठानच्या, इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी स्कॅन. त्यांतलं एक पुस्तक किंडलवर चढवलं आणि भिंगाशिवाय वाचता येईना. याचं गणित सोपं आहे. डेमी आकाराचं पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असतं. सात इंची ई-रीडरच्या पडद्यावर ते पूर्ण बसवायचं तर दोन तृतीयांश करावं लागतं. १२ पॉइंटचं अक्षर ८ पॉइंटचं होतं. साडेसहा इंची फोनचा पडदा जेमतेम पावणेतीन इंच रुंद असतो, तिथे तर अक्षर निम्म्याहून लहान होतं. पण फोनवर दोन बोटांनी पान चटकन मोठं करून सरकवता येतं. ई-इंकच्या पडद्यावर प्रत्येक सरकवणीला पान डोळे मिचकावतं. म्हणजे पीडीएफ वाचायला १५ हजारांच्या यंत्रापेक्षा खिशातला फोन बरा.

मग मी माझ्या धंद्यातली अक्कल वापरली. पीडीएफमधला मजकूर काढून त्याचं ई-पुस्तक बनवायचं, म्हणजे तो पडद्याच्या मापानं आपोआप मांडला जाईल आणि अक्षरही हवं तेवढं मोठं करता येईल. कॉपी केला, पेस्ट केला, तर समोर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. कारण उघड आहे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण आपल्याकडची असंख्य पुस्तकं त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टमध्ये जुळवली गेली. त्या फॉन्टची युक्ती अशी, की संगणकाच्या लेखी जिथे रोमन अक्षर असतं तिथे 'क'चं किंवा एखाद्या मात्रेचं चित्र काढायचं. कागदावर छापलं की मराठी दिसतं. फाइलमध्ये मात्र मराठी नसतंच, मराठीचं सोंग असतं. छापखान्याच्या दृष्टीनं यात चूक काहीच नव्हती. पण त्या फाइलमध्ये शब्द शोधता येत नाही, अक्षर मोठं करून ओळी नव्यानं मांडता येत नाहीत आणि आंधळ्या वाचकाचा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. आपण 'डिजिटल झालं' म्हणतो त्यातलं बरंचसं असंच आहे. स्कॅनची गोष्ट याहून साधी, तिथे अक्षरंच नाहीत, फोटो आहेत.

"मग विकत घे की," असं तुम्ही म्हणाल. घेतलं. डिसेंबर २०१६ मध्ये किंडलवर मराठीसह पाच भारतीय भाषांतली पुस्तकं अधिकृतपणे सुरू झाली आणि आज तिथे मराठी पुस्तकं चांगलीच आहेत. मी घेतलेल्या पुस्तकाची पहिली २० पानं उत्तम गेली. मग एका लग्नाच्या प्रसंगात घरच्या मंडळींनी 'आचार्यांना' पोळ्यांची घाई करायला सांगितलं. मी दोनदा वाचलं. लेखकानं अर्थातच 'आचाऱ्यांना' लिहिलं असणार. जुन्या फाइलवरून नवी करताना तो अर्धा र कुठेतरी रफार होऊन बसला आणि ते कुणी तपासलं नाही. पुढे दऱ्याखोऱ्यांचीही तीच गत. 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे होते, त्याची तर मी तक्रारही करत नाही. ही चूक यंत्राची नाही. ती पुस्तक तयार करणाऱ्याची, आणि तेवढ्यावर समाधान मानणाऱ्या आपलीही.

शिवाय मराठी ई-पुस्तकांची काही दुकानं आपली पुस्तकं फक्त स्वतःच्या ॲपमध्ये उघडू देतात. ती किंडलवर चालणार नाहीत. त्यासाठी अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक टॅब मिळतात. पण ॲप टाकता येतं म्हटल्यावर व्हॉट्सॲपही टाकता येतं, आणि ज्या गरिबीसाठी हे यंत्र घ्यायचं तीच हातची जाते.

अजून एक गोष्ट मी महिनाभर टाळत होतो. ही पुस्तकं आपली असतात का? २००९ मध्ये ॲमेझॉननं हक्कांच्या वादावरून ऑर्वेलच्या '१९८४' आणि 'अ‍ॅनिमल फार्म'च्या काही विकलेल्या प्रती लोकांच्या किंडलमधून परस्पर पुसून टाकल्या. नंतर माफी मागितली. २०२५ च्या फेब्रुवारीत विकत घेतलेलं पुस्तक संकेतस्थळावरून संगणकावर उतरवून घ्यायची सोयही त्यांनी बंद केली. आपण पैसे देतो ते पुस्तकाचे नव्हे, वाचायच्या परवानगीचे. मला जपून ठेवण्यापेक्षा देण्याचं जास्त वाटतं. मला आवडलेलं पुस्तक मी आईला देऊ शकत नाही, जोवर अख्खं यंत्र तिच्या हातात देत नाही तोवर. घरातली अदलाबदल या यंत्राला कळत नाही.

तर घ्यावा का? माझी एक साधी चाचणी आहे. पुढच्या वर्षभरात जी दहा पुस्तकं खरोखर वाचायची आहेत त्यांची यादी करा. लोकांना दाखवायची नव्हे, खरी. मग त्यातली किती पुस्तकं धड युनिकोड मजकुरात मिळतात ते शोधा. नमुन्याची पानं फुकट मिळतात, त्यात एखादा 'ऱ्य' शोधून बघा. सहा-सातच्या वर आकडा गेला तर डोळे मिटून घ्या, यंत्र चांगलंच आहे. मुख्यतः इंग्रजी वाचत असाल तर यादीचीही गरज नाही. पण यादी मराठी असेल आणि आकडा दोन-तीनवर अडकला, तर यंत्र तुमची वाचनाची सवय परत आणेल आणि भाषा हळूच बदलून टाकेल. माझं मराठी वाचन अमुक दिवशी सुटलं, असं मला कधीच सांगता आलं नसतं. तीन आठवडे ते सुटलेलंच होतं, आणि मी खूश होतो.

माझ्या यादीत सहा मराठी पुस्तकं होती. त्यांतली दोन नीट मिळाली.

मी किंडल परत केला. १५ हजारांत साडेतीनशेच्या भावानं चाळीसेक छापील पुस्तकं येतात. सध्या त्यातली चारच घेतली आणि जवळच्या वाचनालयाचं सभासदत्व घेतलं. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावतो. किंडलच्या गरिबीची ही फुकट नक्कल आहे, आणि आठवड्यातले चार दिवस चालते.

दुसरी गोष्ट, मराठी विकिस्रोतावर खातं उघडलं. तिथे जुन्या पुस्तकाचं स्कॅन केलेलं पान एका बाजूला आणि यंत्रानं ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला दिसतो. आपण तो तपासून दुरुस्त करायचा. आपल्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी त्याचं लेखन सर्वांसाठी खुलं होतं. म्हणजे ह. ना. आपटे (मृत्यू १९१९) किंवा साने गुरुजी (मृत्यू १९५०) यांचं लेखन कुणीही टाइप करू शकतं, वाटू शकतं. तपासलेलं पुस्तक ई-पुस्तक म्हणून उतरवता येतं, ते कुणी पुसू शकत नाही आणि आईलाही पाठवता येतं. एक पान तपासायला मला दहा-पंधरा मिनिटं लागतात. बस अडकली की एखादं होतं. आतापर्यंत एकतीस झालीत.

ई-रीडर अजून कार्टमध्येच आहे. काढून टाकलेला नाही. यादीतला दोनचा आकडा सहा झाला की घेईन.