चाकाखालचा मुलूख

मराठी प्रवासवर्णनांचा संभार आज लहान राहिलेला नाही. तथापि त्या संभारातून 'रस्ता' नावाची वस्तू हुडकून काढावयाची म्हटल्यास वाचकास बरेच श्रम पडतात. बंदर आढळते, विमानतळ आढळतो, राजधान्या तर पानोपानी आढळतात. एका गावाहून दुसऱ्या गावास जाताना मध्ये जे लागते ते मात्र क्वचितच कोणी लिहिलेले असते. अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' 1940 साली आले आणि प्रवासवर्णन हे यादीवजा लिखाण नसून ललितलेखन होऊ शकते, हे मराठी वाचकास पटले. पुढे 1960 मध्ये पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने या प्रकारास घरोघर पोहोचवले. या दोन्ही पुस्तकांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावेसे वाटते की, त्यांच्यामागून आलेल्या लेखकांनी त्यांची लकब उचलली आणि त्यांची नजर मागे ठेवली. काणेकरांना धुके आणि तारा यांच्यामधले अंतर ठाऊक होते. अनुयायांना दोन हॉटेलांमधले अंतरही आठवत नाही.

हा दोष वाहनाचा असावा काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखकास काही वर्षांपासून पडला आहे. त्याचे उत्तर शोधताना दोन अगदी भिन्न पुस्तके एकमेकांशेजारी ठेवावी लागली.

पहिले रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचे. 1878 च्या सप्टेंबरात हा तरुण स्कॉटिश लेखक फ्रान्सच्या दक्षिणेकडील सेव्हेन नामक डोंगराळ प्रदेशात मोदेस्तीन नावाच्या गाढवीसह निघाला आणि बारा दिवसांत सुमारे दोनशे किलोमीटर चालून गेला. पुस्तक पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्याचा पूर्वार्ध म्हणजे गाढवी चालत नाही, ओझे घसरते, वाट चुकते, गावकरी दार उघडत नाहीत, एवढीच हकीकत. आणि तीच मला सर्वांत मोलाची वाटते. कारण या फजितीतूनच चढ-उतारांचा तो मुलूख वाचकाच्या पायांत उतरतो. मग उत्तरार्धात कामिझार नावाच्या प्रॉटेस्टंट शेतकऱ्यांच्या बंडाची भूमी येते. ज्या पाँ-द-माँव्हेर गावी 1702 साली एका पाद्र्याचा खून होऊन ते बंड पेटले, तेथे लेखक पोहोचतो तेव्हा इतिहास त्याला वेगळा सांगावा लागत नाही. अशा दऱ्यांतून मूठभर माणसे राजाच्या फौजेला का सापडली नसतील, हे आपण तोवर चालूनच जाणलेले असते. स्टीव्हन्सनचे सर्वच मला रुचते असे नव्हे. गाढवीस टोचणी लावून पिटाळणारा आणि शेवटी तिला विकून डोळे पुसणारा हा गृहस्थ स्वतःच्या हळवेपणावर जरा अधिकच खूश आहे. परंतु त्याने रस्ता चुकवलेला नाही.

दुसरे पुस्तक आपले, वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास'. घरचे कर्ज फेडण्यासाठी, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या आशेने, काकांसह निघालेला हा कोकणी भिक्षुक 1857 च्या वणव्यात सापडला आणि झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहून परतला. चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक 1907 मध्ये प्रसिद्ध केले ते स्वतःचा हात फिरवून. मूळ बखरीनुसार शुद्ध प्रत दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये दिली. गोडसे भटजींस निसर्गवर्णनाची हौस नाही. मुक्काम कोठे झाला, शिधा काय मिळाला, गाठीचे द्रव्य कसे लपवले, पुढच्या वाटेवर धोका आहे असे कोणी सांगितले, हेच ते लिहितात. एकाला मुलूख पाहावयाचा होता, दुसऱ्याला तो पार करावयाचा होता. तरीही दोघांच्या पुस्तकांत रस्ता जिवंत आहे, याचे कारण दोघांचाही वेग माणसाच्या पावलाचा आहे.

यावर कोणी म्हणेल, चालणे आता कोणास शक्य आहे? गो. नी. दांडेकरांनी नर्मदा परिक्रमा केली. काका कालेलकर हिमालयात पायी हिंडले (आणि त्याची हकीकत या सातारच्या मराठी माणसाने प्रथम गुजरातीत लिहिली, हा आपल्या वाङ्मयाचा तोटा). पण ते विरक्तीच्या वाटेवरचे प्रवासी. रजेचे चार दिवस हाती असलेल्या नोकरदाराने काय करावे? येथे मला सायकल आठवते.

फ्रान्समध्ये सायकलवरील देशाटनाला एक परंपराच आहे, आणि तिचे मूळ सेंत-एतियन गावच्या पॉल द विव्ही या रेशमाच्या व्यापाऱ्यापर्यंत जाते. 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने तो आपल्या सायकलविषयक नियतकालिकात लिही. 1930 मध्ये तो वारला. सायकलस्वारांसाठी त्याने काही नियम घालून दिले. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे, असे ते साधे नियम. पण त्यांतच एक असा आहे की, केवळ मिरवण्यासाठी पायडल मारू नये. प्रवासवर्णनकारांच्या टेबलावर हा नियम चिकटवून ठेवावा असे मला पुष्कळदा वाटले आहे. आपल्याकडे मुंबईचे आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भुमगरा हे तीन पारशी तरुण 1923 मध्ये सायकलवर निघून 1928 मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांच्या इंग्रजी पुस्तकातील धैर्य अलौकिक आहे. परंतु एवढ्या अफाट अंतरात गाव हरवते, राहतो तो आकडा. सायकलीचा खरा गुण लांब जाण्यात नाही. ती कोठेही थांबू शकते आणि थांबल्याचे कोणाला नवल वाटत नाही, हा तिचा गुण.

आता थोडे स्वतःविषयी. तीस वर्षांच्या नोकरीत प्रस्तुत लेखकाने अवधचे जिल्हे जीपने पालथे घातले. दौऱ्याच्या दैनंदिनीत मैल आहेत, भत्ता आहे, विश्रामगृहाचे नाव आहे. लखनौहून उन्नाव जिल्ह्यातील मोहानला मी किती वेळा गेलो याची गणतीच नाही. निवृत्तीनंतर एका माघात लखनौहून बिठूरला सायकलने जाण्याचे ठरवले. मोहान, हसनगंज, सफीपूर, परियर आणि गंगेपलीकडे बिठूर, अशी वाट; शरीराच्या मानाने दोन दिवस. अवध सपाट आहे असे भूगोलात शिकलो होतो. सई नदीच्या पुलाकडे उतरताना आणि पलीकडे चढताना पोटऱ्यांनी त्यात दुरुस्ती सुचवली. मोहानला चहाच्या टपरीवर सायकल टेकवली. शेजारच्या वृद्धाने मी कोठला ते विचारले. "महाराष्ट्राचा" म्हणताच तो म्हणाला, "मग तुम्ही टिळकसाहेबांच्या मुलखातले. आमचे मौलाना त्यांना गुरू मानीत." क्षणभर मला कळेना, कोण मौलाना. मग ध्यानात आले: हसरत मोहानी! ज्यांच्या गझला मी लखनौच्या मैफलींतून ऐकल्या, 1921 च्या अहमदाबाद काँग्रेसमध्ये ज्यांनी संपूर्ण स्वातंत्र्याचा ठराव मांडला, ते या गावचे. 'मोहानी' या शब्दात 'मोहान' आहे, हे ज्या गावी मी कचेरीचे काम तपासावयास जात असे तेथेच मला तीस वर्षे दिसले नव्हते.

या खजिलपणात आणखी एका नावाने भर घातली. गोडसे भटजींचे पुस्तक हिंदीत 'आँखों देखा गदर' या नावाने आणले ते लखनौच्या चौकात राहणाऱ्या अमृतलाल नागर यांनी. हेच नागर 1857 च्या शताब्दीच्या सुमारास अवधच्या गावोगाव हिंडले, म्हाताऱ्यांच्या तोंडच्या आठवणी, गाणी, दंतकथा त्यांनी टिपून घेतल्या, आणि 1957 मध्ये 'गदर के फूल' सिद्ध झाले. भटजींची वाट आमच्या भाषेत होती; नानासाहेब, तात्या टोपे, मनकर्णिका ही नावे आमच्या घरातली. या गावांतून सरकारी खर्चाने फिरण्याची सोय आम्हां मराठी अधिकाऱ्यांपैकी कितीतरी जणांना होती. ते पुस्तक मात्र मूळच्या एका गुजराती घराण्यातील हिंदी लेखकाने लिहिले. नागरांच्या पुस्तकात शिथिलता आहे, ऐकीव आणि प्रमाणित यांची सरमिसळ आहे. पण गावकऱ्याचा आवाज त्यात त्याच्या जागी आहे. परमुलखातील मराठी लेखन बहुधा गणेशोत्सवाच्या अहवालात आणि पुण्याच्या आठवणीत का संपते, याचे उत्तर आपणच आपल्याला द्यावयाचे आहे.

वाटा अजून संपलेल्या नाहीत. 2016 मध्ये इटावा ते आग्रा असा 207 किलोमीटरचा सायकलमार्ग खुला झाला, आणि तो यमुनाकाठच्या बटेश्वरवरून जातो. ते अटलबिहारी वाजपेयींच्या पूर्वजांचे गाव. पानिपतात पडलेल्या मराठ्यांच्या स्मरणार्थ नारो शंकरांनी तेथे देऊळ बांधले असे सांगतात. सांगतात ते कितपत खरे, हे तेथे जाऊन, थांबून, विचारून कोणी मराठीत लिहील तर ते वाचावयास मी उत्सुक आहे.

माझ्या बिठूरच्या सहलीवर मीही लेख लिहिला होता. तो परवा पुन्हा वाचला. दुसऱ्या बाजीरावांचा 1818 नंतरचा वनवास, 1851 मधील त्यांचा मृत्यू, वाड्याचा विध्वंस, यांवर साडेचार पाने. सीतात्यागाची कथा सांगणाऱ्या परियरवर एक परिच्छेद. सफीपूरच्या दर्ग्याबाहेर माझी फुटलेली ट्यूब जोडून देऊन पैसे न घेणाऱ्या मुलावर अर्धी ओळ; आणि त्याचे नाव विचारण्याचे माझ्या लक्षातच राहिले नव्हते. लेख छापावयास दिला नाही. सायकल दुरुस्त करून घेतली आहे.